पाणी वजा करणाऱ्या मानकर मॅडम

मानकर मॅडम हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये जेवायला बसल्या की आमटीची वाटी आधी जराशी कलती करून बघत आणि वाढणाऱ्याला विचारत, "यात पाणी किती घातलंस?" वाढणारा जुना असला तर हसायचा, नवा असला तर घाबरायचा. मॅडमना विनोद करायचा नसे. त्यांना खरोखरच माहिती हवी असे. ती मिळाली नाही तर आमटी बाजूला सारून त्या दहीभात कालवत आणि आम्हाला ऐकवत, "किती पातळ केलंय ते ठाऊक नसेल, तर तिखट कमी आहे की जास्त, हे मी कुठल्या तोंडानं सांगू?"

परळमधलं आमचं हॉस्पिटल ना फार मोठं ना फार नावाजलेलं. पण तिथल्या वॉर्डबॉयपासून डीनपर्यंत सगळे त्यांना पाठीमागे 'पाणीवाली बाई' म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं. एकदा मॅडम आणि मी लिफ्टमध्ये असताना पुढ्यातला वॉर्डबॉय फोनवर कुणाला तरी सावध करत होता, "पाणीवाली वर येतेय रे, आवर लवकर." मागे कोण उभं आहे ते त्यानं पाहिलंच नव्हतं. मॅडमनी त्याच्या खांद्याला हळूच बोट लावलं आणि म्हणाल्या, "डॉक्टर हेमांगिनी मानकर पाणीवाली. पूर्ण नाव सांगावं माणसाचं." आपल्या मजल्यावर तो लिफ्टमधून उतरलाच नाही, घाबरून वरच निघून गेला.

मी त्यांच्या शेजारच्या खोलीत बसायची, अजूनही बसते. दोघींच्या मध्ये एक काचेची भिंत आणि एक कायमचं भांडण. माझं खातं जंतूंचं. व्हेंटिलेटरवरच्या माणसाच्या घशात नळी असते, त्याला बोलता येत नाही, खोकताही येत नाही, म्हणून त्याचा कफ यंत्रानं ओढून काढावा लागतो. त्यातला थोडा माझ्याकडे येतो. मी तो थाळीत पेरते आणि त्यात कुठले जंतू उगवतात याची वाट बघते. दोन-तीन दिवस जातात. डॉक्टर तेवढं थांबत नाहीत, आणि त्यांचंही खरं आहे. ताप चढला, एक्सरेत पांढरं दिसलं की ते जबर औषध सुरू करून मोकळे होतात. पुष्कळदा संसर्ग नसतोच. फुफ्फुसं दुसऱ्या कारणांनीही सुजतात. पण माझा अहवाल येईपर्यंत औषधानं मूत्रपिंडांचा निकाल लावलेला असतो.

मॅडम जंतूंच्या नादाला लागत नसत. जंतू आले की शरीर आत जी आग पेटवतं ती त्या मोजत. शरीर त्या वेळी कफात काही द्रव्यं सोडतं, इंटरल्यूकिन वगैरे त्यांची नावं. लहान लहान खळग्यांच्या प्लेटमध्ये कफाचे थेंब टाकायचे, वर एकामागून एक रसायनं घालायची, आणि शेवटी खळगे पिवळे होतात. जितकी आग जास्त तितका पिवळा गडद. सकाळी कफ आला तर संध्याकाळच्या आत आकडा हातात. आकडा खूपच कमी आला तर बहुधा जंतूंचा संसर्ग नाही, औषध थांबवता येईल. हे 'बहुधा' खात्रीत बदलायचं, एवढ्यासाठी त्यांनी नोकरीची शेवटची वर्षं वाहून टाकली होती.

त्याचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं. त्यांचा धाकटा भाऊ उदय असाच व्हेंटिलेटरवर होता, दुसऱ्या एका हॉस्पिटलात. संसर्ग असेल म्हणून औषध दिलं, मूत्रपिंडं गेली, आणि मग तो गेला. संसर्ग नव्हता असं मागाहून कळलं. "कोणी चुकलं नाही गं," मॅडम म्हणाल्या होत्या. "त्यांच्या जागी मी असते तरी तेच औषध दिलं असतं. त्यांना दुपारपर्यंत कोणी सांगायला हवं होतं, की थांबा." एवढं बोलून त्यांनी डब्यातल्या कोलंबीच्या भुजण्याचा मोठा चमचा माझ्या ताटात वाढला आणि विषय संपवला. गिरगावातलं पाठारे प्रभू घराणं. दुःख असो की आनंद, ताटात कोलंबी पडल्याशिवाय त्यांच्याकडे काही पार पडत नसे.

आता ते पाणी. कफ घट्ट असतो, नळीत अडकतो, म्हणून सिस्टर ओढण्याआधी नळीतून थोडं सलाईन सोडतात. वॉर्डात त्याला सरळ 'पाणी सोडणं' म्हणतात. कुणी थोडं सोडतं, कुणी सढळ हातानं. मग मॅडमच्या प्लेटमध्ये आलेला फिका पिवळा रंग म्हणजे आग कमी, की पाणी जास्त? त्यावर त्यांचा तोडगा युरियाचा होता. रक्तातला युरिया फुफ्फुसातल्या ओलाव्यातही तेवढाच असतो. म्हणून रक्तात किती आणि ओढलेल्या कफात किती हे ताडून पाहिलं, की मध्ये पाणी किती मिसळलं ते निघतं. तेवढं वजा करायचं. रक्त आणि कफ एकाच वेळी घेतलेले हवेत, एवढीच अट. ही अट त्यांनी वॉर्डातल्या प्रत्येकाला इतक्यांदा ऐकवली होती, की आयसीयूच्या घाडी सिस्टर त्या दिसल्या की आपणहून हात वर करून म्हणत, "एकाच टायमाक घेतलंय हो बाई, एकाच टायमाक!"

घाडी सिस्टर आणि मॅडम यांचं प्रकरण ऐकण्यासारखं असे. एकदा मॅडम कॉटशी उभ्या राहून प्रत्येक वेळी विचारू लागल्या, पाणी किती सोडलंत, मोजलंत का. शेवटी सिस्टरच्या तोंडून सरळ मालवणी बाहेर पडली. "बाई, हेच्या घशात डिंक झालो हा. हो गुदमरता हा, आणि मी पाणी खय मोजीत बसू?" आम्हाला वाटलं, आता मॅडम तक्रार करणार. मॅडम कॉटपासून मागे सरल्या. मग म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं. तुम्ही लागेल तेवढं सोडा. वजा करायचं काम माझं." त्या दिवसापासून दोघींची गट्टी जमली. सिस्टर त्यांच्यासाठी गावची कोकमं आणत आणि मॅडम ती वास घेऊन, रंग बघून, मगच ठेवून घेत.

त्यांचा हा काटेकोरपणा त्यांना स्वतःलाच महाग पडे. एका सुट्टीनंतर आम्ही आलो तर त्यांच्या फ्रीजरचा आवाज नेहमीपेक्षा वेगळा येत होता. मध्ये केव्हा तरी वीज गेली होती आणि परत आली होती. आतले नमुने दगडासारखे गोठलेलेच होते, पण मधल्या काळात ते वितळले होते की नाही, कुणालाच सांगता येईना. त्यांच्या हाताखालचा संशोधक मुलगा म्हणाला, "मॅडम, दिसतायत तर नीट. कुणाला कळणार आहे?" मॅडम त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "मला कळणार आहे की." आणि वर्षभर जमवलेलं सगळं त्यांनी टाकून दिलं. त्या दुपारी काचेपलीकडे त्या पाठमोऱ्या बसल्या होत्या आणि त्यांचे खांदे हलत होते. मी आत गेले नाही. दुसऱ्या दिवशी त्या घरून कोबी-कोलंबीचं भानोलं करून घेऊन आल्या, सगळ्या खात्याला खाऊ घातलं आणि म्हणाल्या, "चला, सुतक फिटलं. नव्यानं सुरू." मला त्यांचा राग यायचा तो अशा वेळी. इतकं सरळ चालणाऱ्या माणसाबरोबर राहिलं की आपलं नेहमीचं चालणंही वाकडं दिसायला लागतं.

नातेवाइकांची संमती घ्यायला त्या मदतनीस पाठवत नसत. स्वतः जात, आयसीयूबाहेरच्या बाकांवर जागा नसली तर जमिनीवर बसत आणि सांगत, "मी औषध देणारी डॉक्टर नाही. मी तुमच्या माणसाचा कफ मोजते." पूर्वी त्या पुढे जोडत, "त्याचा तुमच्या माणसाला काही उपयोग नाही, पुढच्या कुणाला तरी होईल." लोक गोंधळत, पण नाही क्वचितच म्हणत. खोटी आशा दाखवणारे त्यांना बाहेर खूप भेटलेले असायचे. या अभ्यासाच्या दुसऱ्या टप्प्यात हॉस्पिटलच्या नैतिकता समितीनं परवानगी दिली आणि मॅडमचा आकडा आयसीयूच्या डॉक्टरांना कळवायला सुरुवात झाली. तेव्हा मॅडमचं वाक्य बदललं. "उपयोग होईलही," असं त्या म्हणू लागल्या. त्यांच्या तोंडी ते जरा जडच वाटे.

याच टप्प्यात संतोष परब आला.

संतोष शाळेची बस चालवायचा. लालबागला राहायचा. पावसात हिंदमात्याला पाणी तुंबलं तेव्हा त्याची बस मुलांसकट मध्येच बंद पडली होती. त्यानं मुलांना एकेक करून कडेला नेलं आणि मग बस ढकलली. पायाला जखम होती. तुंबलेल्या घाण पाण्यातून होणारा लेप्टो झाला. आमच्याकडे आला तोवर फुफ्फुसातून रक्त येत होतं आणि मूत्रपिंडं थकली होती. व्हेंटिलेटर लावला, दिवसाआड डायलिसिस सुरू झालं. हळूहळू तो सावरायला लागला होता, आणि तेवढ्यात ताप परत चढला. आयसीयूचे डॉक्टर बोरकर, सज्जन माणूस, त्यांनी जबर औषध सुरू केलं. मूत्रपिंडांना ते सोसणार नाही हे त्यांनाही दिसत होतं.

त्याची बायको सुजाता बाहेरच्या बाकावर असायची. घरकाम आवरून, सासऱ्यांना जेवण देऊन, सकाळी यायची ती अंधार पडेपर्यंत. मॅडम संमतीसाठी तिच्या शेजारी बसल्या तेव्हा तिनं फक्त एक विचारलं, "यांची किडनी वाचेल का त्यानं?" मॅडमनी नेहमीप्रमाणे 'माहीत नाही' म्हणायला हवं होतं. त्या म्हणाल्या, "वाचावी म्हणूनच हे करतोय." काचेपलीकडे परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा निराळाच होता. मला म्हणाल्या, "राणे, तेहेतीस वर्षांचा आहे गं. उदय एवढाच होता."

त्या सकाळी घाडी सिस्टरनी कफ ओढला आणि त्याच वेळी रक्तही घेतलं, अगदी नियमाप्रमाणे. रक्ताची नळी आमच्याकडे आली आणि फिरत्या यंत्रात फुटली. काच जुनी असावी. कुणाचा दोष म्हणता येणार नाही. मॅडमनी कफाचं काम पुढे चालू ठेवलं. दुपारी त्या स्वतः वर गेल्या, पुन्हा रक्त काढायला लावलं आणि नळी पदरात धरावी तशी दोन्ही हातांनी घेऊन आल्या. मधल्या वेळात संतोषचं डायलिसिस होऊन गेलं होतं. यंत्र कॉटजवळून हलवलेलंही होतं. मॅडमनी विचारलं नाही, आणि कुणी सांगितलं नाही.

संध्याकाळी त्या माझ्या खोलीत आल्या. त्यांना मी इतकं आनंदलेलं कधी पाहिलं नव्हतं. "कमी आलाय," त्या म्हणाल्या. "खूप कमी. संसर्ग नाही." बोरकरांना त्यांनी माझ्याच फोनवरून कळवलं. बोरकरांनी दोनदा विचारलं, "मॅडम, शुअर ना?" मॅडम म्हणाल्या, "आकडा स्पष्ट आहे." त्या संध्याकाळपासून औषध बंद झालं. दुसऱ्या दिवशी बाकावरच्या सुजाताला त्यांनी सांगितलं, किडनीवरचा मार थांबलाय. सुजातानं त्यांचे हात धरले होते.

फुफ्फुसातून रक्त येऊन गेलेल्या माणसाच्या कफात आग इतकी कमी कशी, हा प्रश्न दुसऱ्या कुठल्याही पेशंटच्या वेळी मॅडमना पडला असता. वर्षभराचं काम टाकून देणारी बाई, त्यांनी सारी प्लेट पुन्हा लावली असती. त्या दिवशी नाही लावली. हवं ते उत्तर हातात आलं की कुणीही ते परत उलटून बघत नाही. मॅडम कधीकाळी तशा वागतील असं मात्र मला वाटलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी इन्क्युबेटर उघडला आणि संतोषची थाळी बाहेर काढली. तिच्यावर बोट ठेवायला जागा नव्हती. ओल्या, चिकट, जाड वसाहती, एकाच जातीच्या, काठापर्यंत. असा कफ म्हणजे संसर्ग आहे आणि जोरात आहे. मी आधी बोरकरांना फोन केला, कारण नियम तो. मग थाळी घेऊन काचेपलीकडे गेले. मला वाटतं, नोकरीत इतकी वर्षं काढून मी तेवढी चार पावलं कधी इतकी सावकाश टाकली नव्हती.

मॅडमनी थाळी उजेडात धरली, झाकण लावलं आणि माझ्या हातात परत दिली. मग त्यांनी डायलिसिसच्या टेक्निशियनला फोन लावला आणि विचारलं, परवा परबांचं डायलिसिस किती वाजता झालं. उत्तर ऐकलं. फोन ठेवला. मग टेबलावरचा कागद उलटा करून मला समजावून सांगू लागल्या, एखाद्या विद्यार्थिनीला सांगावं तसं. "कफ डायलिसिसच्या आधीचा. रक्त नंतरचं. डायलिसिसनं रक्तातला युरिया धुऊन काढला. रक्तात युरिया कमी, म्हणून हिशेबात पाणीही कमी निघालं. खरं पाणी भरपूर होतं. मी ते वजाच केलं नाही." मग त्यांनी अंदाजानं सकाळचा युरिया धरून गणित पुन्हा मांडलं. आकडा कितीतरी पट चढला. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "ही चूक माझ्याशिवाय कुणालाही करता आली नसती, राणे. दुसऱ्या कुणाला युरिया काढायचं सुचलंच नसतं."

त्या तशाच वर गेल्या आणि बोरकरांना सगळ्यांसमोर सांगितलं. औषध तासाभरात परत सुरू झालं. पण मधले दोन दिवस जंतूंनी वापरून घेतले होते. रक्तदाब उतरला, एकेक अवयव मागे पडत गेला. संतोष आणखी काही दिवस होता. मॅडम रोज वर जाऊन त्याच्या कॉटच्या पायाशी उभ्या राहत. घाडी सिस्टर त्यांना बघून न बघितल्यासारखं करत. रागानं नव्हे, बघवत नव्हतं म्हणून. एका सकाळी मॅडम वर गेल्या आणि लगेच खाली आल्या. कॉट रिकामी होती.

बोरकर त्यांना म्हणाले, "मॅडम, ही वॉज व्हेरी सिक. लेप्टो, लंग ब्लीड, किडनी. तो तसाही गेला असता." डीननी बैठक घेतली. अभ्यास तूर्त थांबवायचा, हे ठरलं. पुढे असंही ठरलं, की मृत्यू मूळ आजारानं झाला आहे, तेव्हा घरच्यांना आणखी काही सांगून त्यांचं दुःख वाढवण्यात अर्थ नाही. ते अगदीच खोटं नव्हतं, म्हणून ते सगळ्यांना पटलं. खरं सांगायचं तर मलाही पटलं. मॅडम एवढंच म्हणाल्या, "तो तसाही गेला असता, हे तुम्ही मोजलंय का?"

काही दिवसांनी एका दुपारी त्या माझ्या दारात उभ्या राहिल्या. "राणे, लालबागला येतेस? मला ती चाळ सापडायची नाही." कशाला जायचंय ते मी विचारलं नाही. वाटेत मात्र राहवेना. म्हटलं, "मॅडम, हात दाखवून अवलक्षण कशाला? बिचारीला जरा सावरू दे." त्या म्हणाल्या, "सावरू दे म्हणजे कशावर? मी दिलेल्या चुकीच्या आकड्यावर?"

दुसऱ्या मजल्यावरची खोली. संतोषचे वडील म्हणजे सुजाताचे सासरे, गिरणीतून केव्हाच घरी बसलेले, पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले होते. सुजातानं आम्हाला ओळखलं, घाईनं खुर्च्या पुसल्या, पाणी दिलं. "तुम्ही आलात, बरं वाटलं," ती म्हणाली. "हॉस्पिटलमधलं कोणीच आलं नव्हतं. मी सगळ्यांना सांगते, तिथल्या लोकांनी होतं नव्हतं ते केलं यांच्यासाठी."

मॅडमनी सांगितलं. एकही शब्द मऊ केला नाही, एकही वाढवला नाही. रक्त कधी घेतलं, चूक कुठे झाली, औषध किती वेळ बंद राहिलं. "ती चूक माझी होती. सिस्टरची नाही, डॉक्टरांची नाही."

सुजाताला समजायला वेळ लागला. मग तिनं विचारलं, "म्हणजे औषध बंद केलं नसतं तर हे वाचले असते?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे?"

"म्हणजे कदाचित हो. कदाचित नाही. ते मला कधीच सांगता येणार नाही."

"मग आलात कशाला?" सुजाताचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "मला वाटायचं, नशिबात नव्हतं. त्याच्यावर झोप तरी लागायची मला. आता मी काय करू? वाचले असते, नसते वाचले, वाचले असते, नसते, हेच करत बसू का जन्मभर? तुम्ही सांगून मोकळ्या झालात, मॅडम. मी?"

पलंगावरचे म्हातारे उठून बसले होते. मॅडमनी हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला. मग म्हणाल्या, "तुम्ही तक्रार करू शकता. माझ्याविरुद्ध. मी नाकारणार नाही."

"निघा तुम्ही," सुजाता म्हणाली.

जिना उतरताना त्या कठड्याला धरून उतरल्या; तोवर मला त्यांचं वय कधी दिसलं नव्हतं. रस्त्यावर आल्यावर म्हणाल्या, "तिचं बरोबर आहे. मला वाटलं, खरं सांगणं म्हणजे तिचं तिला परत देणं. तिला ते नकोच होतं." मी म्हटलं, "मग चुकलंच का येऊन?" "न येणं त्याहून चुकलं असतं," त्या म्हणाल्या. "पण त्यानं हे बरोबर ठरत नाही." त्या दिवशी मला त्यांची कीव आली, आणि रागही आला, आणि कुणाचा जास्त, त्यांचा की आम्हा शहाण्यांचा, ते मला आजही सांगता येत नाही.

सुजातानं तक्रार केली. उशिरा केली, पण केली. हॉस्पिटलनं चौकशी समिती नेमली आणि वकील दिला. वकिलानं मॅडमना बोलावून समजावलं. असल्या चाचण्यांत आकडा इकडेतिकडे व्हायचाच, एवढं एकच वाक्य त्यांनी म्हणायचं होतं. ते खोटंही नाही. तेवढ्यानं अभ्यास परत सुरू होऊ शकला असता, निवृत्ती सन्मानानं झाली असती, आणि पुढच्या कुणा उदयला दुपारपर्यंत उत्तर मिळालं असतं. वकील हे शेवटचं फार हुशारीनं बोलला. मॅडम त्यावर बराच वेळ अडल्या, हे मला ठाऊक आहे. चौकशीच्या आधीचे सगळे दिवस त्या डबा न उघडता परत नेत होत्या.

अभ्यास बंदच झाला. त्यांची प्लेट वाचायची यंत्रं दुसऱ्या खात्यानं नेली. त्या खोलीत आता स्टेशनरीचे खोके आहेत आणि काचेवर कुणीतरी कॅलेंडर चिकटवलंय. संसर्गाच्या नुसत्या संशयावर जबर औषध अजूनही सुरू होतं, मी अजूनही दोन-तीन दिवसांनी अहवाल देते, आणि मधल्या काळात कुणाची मूत्रपिंडं जातात. मॅडम गिरगावचं घर बंद करून पुण्याला भाचीकडे गेल्या. फोन केला तर तब्येत विचारतात, घाडी सिस्टरची चौकशी करतात, कामाचा विषय काढत नाहीत.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते चौकशीच्या खोलीत. अहवाल माझा होता, म्हणून मलाही बोलावलं होतं. लांब टेबल, समोर समितीची माणसं. डाव्या हाताला डीन, बोरकर आणि वकील, आणि त्यांच्या रांगेत मॅडमसाठी एक खुर्ची मोकळी ठेवलेली. उजव्या हाताला सुजाता एकटी, पर्स मांडीवर घट्ट धरून. मॅडम आल्या, मोकळी खुर्ची पाहिली, आणि टेबलाला पूर्ण वळसा घालून सुजाताच्या शेजारी जाऊन बसल्या.

"मॅडम, तुमची जागा इकडे आहे," वकील म्हणाला.

"मी इथूनच बोलेन."

सुजातानं त्यांच्याकडे पाहिलं नाही. ती उठली, आपली खुर्ची उचलून हातभर पलीकडे नेली आणि परत बसली. खोलीत सगळे खाली बघायला लागले. मॅडमनी स्वतःची खुर्ची हलवली नाही. त्यांनी समितीकडे तोंड केलं.

"दुसरं रक्त मी दुपारी काढायला लावलं," त्या म्हणाल्या. "तिथून सुरुवात करते."